खेळणारी ताई शिकवणारी कशी होते? रग्बीपटू जो याप यांची वाटचाल



आपल्या अंकात बचत, कर्ज, परतफेड, शेळीपालन, परसबाग हे विषय नेहमी असतात. या वेळचा विषय जरा लांबचा आहे. रग्बी नावाचा एक खेळ, तो खेळणारी एक बाई, आणि खेळणं थांबल्यावर तिने हाती घेतलेलं शिकवण्याचं काम.

तुम्ही म्हणाल, आमचा नि रग्बीचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या प्रत्येक ग्रामसंघात कामात तरबेज असलेल्या ताया भरपूर आहेत. हिशोब तोंडपाठ, बँकेत जायची भीती नाही, बैठक वेळेवर. पण "चला, आता शेजारच्या गावात जाऊन दुसऱ्या समूहाला शिकवा" असं म्हटलं की खोलीत शांतता पसरते. कुणी म्हणतं, "मला येतं, पण सांगता येत नाही." कुणी म्हणतं, "घरून सोडणार नाहीत." आणि हमखास एक वाक्य ऐकू येतं, "प्रशिक्षणाला सरच बोलवा ना, बाईमाणसाचं कोण ऐकतंय?"

हीच तीन वाक्यं जगभरच्या खेळाडू बायकांच्याही वाट्याला आली आहेत. त्यातल्या एकीने त्यावर कशी मात केली, ते समजून घेऊ.

आधी खेळ समजून घेऊ

रग्बीचा चेंडू गोल नसतो. मोठ्या पपईसारखा लांबट असतो, त्यामुळे जमिनीवर आपटला की कुठे उडेल याचा नेम नाही. एका संघात 15 जणी. सामना 80 मिनिटांचा, 40-40 मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे न्यायचा आणि जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात ट्राय, त्याचे 5 गुण. त्यानंतर चेंडूला लाथ मारून दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून पाठवला तर आणखी 2 गुण. समोरच्या संघाने नियम मोडला आणि तुम्ही तशीच लाथ मारून चेंडू खांबांमधून पाठवला तर 3 गुण.

समोरची खेळाडू तुम्हाला अडवायला येते, कमरेला, पायाला मिठी मारून खाली पाडते. ज्यांनी शाळेत कबड्डी खेळली आहे त्यांना पकड म्हणजे काय ते सांगायला नको. रग्बीतली पकड साधारण तशीच, फक्त पळत्या माणसाची. खांद्याच्या वर धरायचं नाही, मानेला हात लावायचा नाही, असे कडक नियम आहेत.

आता या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर बाजूला नाही तर मागे असलेल्या जोडीदारणीलाच द्यायचा. म्हणजे पुढे जायचं तर मागून येणाऱ्या बायका जवळ हव्यात. एकटी कितीही जोरात पळाली तरी ती पकडली जाते, आणि मागे कुणी नसेल तर चेंडू हातचा जातो. आपल्याकडे एकच ताई सगळी कागदपत्रं, सगळे व्यवहार एकटीने ओढते आणि ती आजारी पडली की समूह बंद पडतो. तसंच हे.

बायकांनी स्वतः उभा केलेला खेळ

रग्बी हा मूळचा इंग्लंडमधला आणि कित्येक वर्षं पुरुषांचाच मानलेला खेळ. "बायकांनी धक्काबुक्की करायची? शोभतं का?" हे तिथेही म्हटलं जायचं. पुरुषांचा पहिला विश्वचषक 1987 मध्ये झाला. बायकांचा कोण भरवणार? मोठ्या संस्थांनी पुढाकार घेतला नाही.

मग लंडनजवळच्या रिचमंड क्लबमधल्या चार जणींनी ठरवलं, आपणच भरवू. त्यांची नावं डेबोरा ग्रिफिन, स्यू डॉरिंग्टन, अॅलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ. 1991 च्या एप्रिल महिन्यात वेल्समध्ये 12 देशांचे संघ गोळा झाले. मोठा प्रायोजक नव्हता. सोव्हिएत रशियाच्या संघाकडे तर खर्चाला पैसेच नव्हते, त्यांनी सोबत आणलेल्या वस्तू विकून दिवस काढले. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला 19-6 असं हरवलं.

या चौघींमधल्या डेबोरा ग्रिफिन 2025 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्या संघटनेच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष. म्हणजे स्पर्धा भरवली त्यानंतर 34 वर्षांनी. आणि त्याच वर्षी बायकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर 81,885 लोकांनी बसून पाहिला. वेळ लागला, पण जागा मिळाली.

नऊ नंबरची खेळाडू

या चौघींनी रस्ता केला आणि पुढच्या पिढीतल्या मुली त्यावरून चालल्या. त्यातल्या एक जो याप. 'जो' हे त्यांचं नाव आहे, आपल्या 'जो-तो' मधला 'जो' नव्हे. वाचताना घोटाळा नको म्हणून आपण त्यांना यापताईच म्हणू.

यापताई इंग्लंडकडून खेळायच्या. 1998, 2002 आणि 2006 असे तीन विश्वचषक त्या खेळल्या. त्यांची जागा होती 'स्क्रम-हाफ', म्हणजे नऊ नंबर. संघात पुढच्या आठ जणी धिप्पाड, ढकलाढकली करून चेंडू मिळवणाऱ्या. मागच्या सहा जणी चपळ, पळणाऱ्या. नऊ नंबर या दोघींच्या मधली कडी. ढिगाऱ्यातून चेंडू उचलायचा, डोळ्यांच्या पापणीएवढ्या वेळात ठरवायचं की तो कुणाला द्यायचा, आणि द्यायचा. ती शरीराने लहानखुरी असली तरी चालते, पण डोकं शांत आणि तोंड सुरू लागतं. सतत बोलत राहायचं, कुणी कुठे उभं राहायचं ते सांगत राहायचं.

आपल्या समूहाची सचिव आठवून पाहा. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला सदस्य, मधे ती. तिचं काम फारसं दिसत नाही, पण ती चुकली की सगळ्यांचं अडतं.

2006 च्या विश्वचषकात यापताई इंग्लंडच्या कर्णधार होत्या. कॅनडातल्या एडमंटन शहरात अंतिम सामना झाला. समोर न्यूझीलंड. इंग्लंड 25-17 ने हरलं. चार वर्षं आधी, 2002 मध्ये बार्सिलोनालाही अंतिम सामन्यात न्यूझीलंडनेच त्यांना 19-9 ने हरवलं होतं. म्हणजे दोनदा शेवटच्या पायरीवर जाऊन परत यावं लागलं. विश्वचषक काही त्यांच्या हाताला लागला नाही.

आणखी एक लक्षात घ्या. त्या काळात इंग्लंडच्या खेळाडू बायकांना खेळाचा पगार नव्हता. नोकरी करायची, घर सांभाळायचं, आणि उरलेल्या वेळात सराव. इंग्लंडने 15 जणींच्या रग्बीसाठी बायकांना पूर्णवेळ पगारी करार दिले ते 2019 च्या सुरुवातीला, 28 जणींना. यापताईंचे खेळायचे दिवस तोवर कधीच संपले होते.

स्वतःला येणं वेगळं, दुसऱ्याला शिकवणं वेगळं

खेळ थांबल्यावर त्यांनी प्रशिक्षणाचं काम धरलं. एकदम मोठा संघ मिळाला नाही. इंग्लंडच्या 20 वर्षांखालील मुलींना शिकवलं, एक्सेटर विद्यापीठातल्या मुलींना शिकवलं. नंतर वूस्टर वॉरियर्स या क्लबच्या महिला संघाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली.

चांगली खेळाडू ही आपोआप चांगली शिक्षिका होते, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ज्वारीची भाकरी उत्तम थापणाऱ्या काकूंना विचारा, "पीठ किती, पाणी किती?" त्या म्हणतील, "अगं, अंदाजाने." हाताला कळतं ते तोंडाने सांगता येत नाही. पण तोच समूह जेव्हा विक्रीसाठी लोणचं-पापड करतो तेव्हा अंदाज चालत नाही. माप लिहावं लागतं, म्हणजे दहा जणींच्या हातून एकच चव येते. खेळाडू ते प्रशिक्षक हा प्रवास असाच आहे, अंदाजाकडून मापाकडे.

मग प्रशिक्षक नेमकं करते तरी काय?

पहिलं, खेळ तुकड्यांत मोडते. पकड घ्यायची तर आधी पाय कुठे, मग खांदा कुठे, डोकं कोणत्या बाजूला, हात कधी आवळायचे. एकेक गोष्ट वेगळी शिकवून मग जोडते. यात चूक झाली तर मानेला, डोक्याला दुखापत होऊ शकते, म्हणून ही पायरी टाळून चालत नाही.

दुसरं, सरावाचं वेळापत्रक आखते. कधी जोर लावायचा, कधी विश्रांती द्यायची. थकलेल्या अंगाला दुखापत लवकर होते.

तिसरं, झालेला सामना चित्रफितीवर पुन्हा पाहते. कुठे चुकलं ते खेळाडूंना दाखवते. आपण महिन्याच्या शेवटी वही उघडून जमा-खर्च ताडतो, तसंच हे.

चौथं, आणि सगळ्यात अवघड, निवड करते. 15 जणी मैदानात, बाकीच्या बाहेर. बाहेर बसलेल्या मुलीला कारण सांगायचं, तिचं मन राखायचं, आणि तिला पुढच्या वेळेसाठी तयार ठेवायचं. कर्जाची मागणी पाच जणींची आणि रक्कम दोघींपुरती, अशा वेळी अध्यक्षाची जी अवस्था होते, तीच प्रशिक्षकाची दर आठवड्याला होते.

यासाठी शिक्षणही आहे. जागतिक रग्बी संघटनेचे प्रशिक्षकांसाठी पहिला, दुसरा, तिसरा स्तर असे वर्ग असतात. नुसतं "मी कर्णधार होते" म्हणून काम भागत नाही. शिकवायलाही शिकावं लागतं.

क्लबच बुडाला तेव्हा

आता जरा पैशाची गोष्ट, कारण ती आपल्याला लवकर समजते.

वूस्टर वॉरियर्स हा मोठा क्लब. पुरुषांचा संघ नावाजलेला, त्याच छत्राखाली बायकांचा संघ. पण क्लबवर कर्ज साचत गेलं, सरकारी कराची थकबाकी झाली. 2022 च्या सप्टेंबरमध्ये क्लबला स्पर्धांतून निलंबित केलं आणि कारभार प्रशासकांकडे गेला. बायकांच्या संघाने काही चूक केली होती का? नाही. त्या सराव करत होत्या, खेळत होत्या. पण छप्पर एकच होतं, ते कोसळल्यावर खालचे सगळेच उघड्यावर आले.

एका कंपनीने पाठबळ दिलं म्हणून बायकांचा संघ तो हंगाम खेळू शकला. पण पुढच्या वर्षी पैशाची सोय झाली नाही. 2023 चा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर महिला संघाला लीगमधून माघार घ्यावी लागली. खेळाडूंना दुसरे क्लब शोधावे लागले. वर्षानुवर्षं बांधलेला संघ विखुरला.

इथे थांबून आपल्याबद्दल विचार करा. आपला समूह, आपला ग्रामसंघ कुणाच्या छपराखाली उभा आहे? सगळा निधी बाहेरून येत असेल, वही दुसऱ्याच कुणाकडे असेल, बँकेचा संदेश आपल्या मोबाइलवर येत नसेल, तर एखाद्या दिवशी आपली काही चूक नसताना आपणही उघड्यावर येऊ. म्हणून तर पंचसूत्रीतली पहिली दोन सूत्रं नियमित बैठक आणि नियमित बचत अशी आहेत. स्वतःची बचत कमी असेल, पण ती स्वतःची असते.

परक्या देशातली जबाबदारी

संघ विखुरल्याच्या काही आठवड्यांत, 2023 च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाने यापताईंना मुख्य प्रशिक्षक नेमलं आहे. या संघाला 'वॉलरूज' म्हणतात. त्या संघाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक. त्याआधी हे काम अर्धवेळ चालायचं.

घरापासून हजारो किलोमीटर लांब, नवा देश, नव्या मुली. आपल्या वर्धिनी ताया पंधरा दिवसांच्या फेरीला दुसऱ्या गावी जातात तेव्हा पहिले दोन दिवस कसे जातात ते त्यांना विचारा. लोक ऐकतील का, जेवण कुठे, झोप कुठे, घरी पोरांचं काय. यापताईंची फेरी तर जवळजवळ दोन वर्षांची झाली.

आणि सुरुवात गोड झाली नाही. 2024 मध्ये कॅनडाने हरवलं. अमेरिकेने 32-25 ने हरवलं. न्यूझीलंडने एकदा 67-19 आणि नंतर 62-0 असं हरवलं. बासष्ट-शून्य! मधे फिजीविरुद्ध 64-5 असा मोठा विजय मिळाला. पण सप्टेंबरमध्ये वेल्सनेही 31-24 ने हरवलं, आणि वेल्सच्या बायकांनी ऑस्ट्रेलियाला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्याकडे असतं तर लोक काय म्हणाले असते? "बाहेरची बाई आणली आणि काय उपयोग झाला?"

पण त्यानंतर आठवडाभरातच दक्षिण आफ्रिकेत एक स्पर्धा होती. पहिलाच सामना पुन्हा वेल्सशी. या वेळी ऑस्ट्रेलियाने 37-5 ने जिंकला. मग स्कॉटलंडला 31-22, यजमान दक्षिण आफ्रिकेला 33-26. तिन्ही सामने जिंकून स्पर्धाच जिंकली. मुली त्याच होत्या, समोरचा संघही तोच होता. एवढ्या थोड्या दिवसांत कुणाची ताकद दुप्पट होत नाही. वर्षभर जे शिकवलं जातं ते अंगात मुरायला वेळ लागतो, आणि मुरलं की मग एकदम दिसतं. दही विरजण लावल्यावर दर तासाला झाकण काढून हलवत बसलं तर लागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

प्रत्येक गुण मोजला जातो

2025 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषक सुरू झाला. ऑस्ट्रेलियाच्या गटात इंग्लंड, अमेरिका आणि सामोआ. चारपैकी दोघेच पुढे जाणार. यापताईंना आता आपल्याच देशात, आपल्याच देशाच्या संघासमोर उभं राहायचं होतं.

पहिल्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने सामोआला 73-0 ने हरवलं. दुसऱ्यात अमेरिकेशी 31-31 अशी बरोबरी झाली. तिसऱ्यात इंग्लंडने 47-7 ने हरवलं. तिकडे अमेरिका इंग्लंडशी 69-7 ने हरली होती आणि सामोआला तिने 60-0 ने हरवलं. गुणतक्त्यात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका दोघांचे सारखेच 8 गुण. मग पुढे कोण?

अशा वेळी हिशोब मांडतात. तिन्ही सामन्यांत तुम्ही केलेले गुण आणि तुमच्याविरुद्ध झालेले गुण यांतला फरक काढतात. ऑस्ट्रेलियाने केले 111, दिले 78. फरक अधिक 33. अमेरिकेने केले 98, दिले 100. फरक उणे 2. ऑस्ट्रेलिया पुढे गेली.

पहिल्या सामन्यात सामोआ दमल्यावर "आता जिंकलोच आहोत, पुरे" असं म्हणून ऑस्ट्रेलियाच्या मुली थांबल्या असत्या तर? इंग्लंडशी मोठ्या फरकाने हरताना "आता गेलाच सामना" म्हणून हात सोडले असते तर? दोन्ही वेळा त्या खेळत राहिल्या म्हणून जागा मिळाली. आपल्या प्रतवारीत बँक अशीच बघते. एखादी मोठी उडी बघत नाही. उपस्थिती किती, बचत दर वेळी झाली का, हप्ता वेळेवर का, अशा बारीक गोष्टींची बेरीज करते.

उपांत्यपूर्व सामन्यात मात्र कॅनडाने त्यांना 46-5 ने हरवलं. तीच कॅनडा पुढे अंतिम फेरीत गेली आणि तिथे इंग्लंडने तिला 33-13 ने हरवलं. यापताईंनी आधीच सांगितलं होतं की विश्वचषक झाला की कुटुंबासह मायदेशी परतणार. त्याप्रमाणे त्यांनी पद सोडलं. आपलं काम पूर्ण करायचं आणि वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हेही शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे काही पदाधिकारी ताया वर्षानुवर्षं बदलत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो.

बारात एक, सोळात तीन

आता तुम्हाला एक हिशोब करायला सांगते. 2022 मध्ये न्यूझीलंडला बायकांचा विश्वचषक झाला. 12 संघ होते. सगळ्या खेळाडू बाया. त्या 12 संघांच्या मुख्य प्रशिक्षकांपैकी बायका किती? फक्त एक. जपानच्या लेस्ली मॅकेन्झी. त्या मूळच्या कॅनडाच्या, स्वतः दोन विश्वचषक खेळलेल्या. जपानी मुलींना शिकवायला गेल्या तेव्हा भाषाही परकी. आपल्या भागात बचत गटाचं काम रुजवायला सुरुवातीला आंध्र प्रदेशातून ताया आल्या होत्या, त्यांची तेलुगू आणि आपली मराठी. तरी काम झालंच ना? मॅकेन्झींच्या जपानी मुलींनी 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात 12-10 ने हरवलं होतं.

2025 ला संघ झाले 16. त्यांपैकी तीन संघांवर बायका होत्या. ऑस्ट्रेलियाच्या यापताई, जपानच्या मॅकेन्झी, आणि फ्रान्सच्या माजी कर्णधार गायेल मिन्यो, ज्यांनी एका सहकाऱ्यासोबत जबाबदारी सांभाळली. एकावरून तीन. वाढ झाली, पण 16 मध्ये 3 म्हणजे अजून पाचातही एक नाही.

असं का होतं? खेळाडू बायका कमी आहेत म्हणून नाही. शिकवण्याच्या कामात संध्याकाळ, रविवार, प्रवास लागतो, आणि घरच्या कामाची वाटणी झालेली नसते. पुरुष प्रशिक्षक महिनाभर दौऱ्यावर गेला तर त्याला कुणी विचारत नाही, "पोरं कुणाकडे ठेवली?" बाईला हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारतात. दुसरं कारण, संधीच मिळत नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून संधी नाही. हे चक्र तोडायला जागतिक संघटनेने 2022 च्या विश्वचषकापासून संघांसोबत शिकाऊ प्रशिक्षक बायका ठेवायला सुरुवात केली. जवळ राहून बघायचं, हळूहळू हात घालायचा. आपण नव्या प्रेरिकेला आधी जुन्या प्रेरिकेबरोबर फिरवतो, तीच पद्धत.

आणि आपल्या देशात?

भारताच्या महिलांनी 15 जणींच्या रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 2018 मध्ये खेळला. पुढच्याच वर्षी, 2019 च्या जूनमध्ये, फिलिपिन्समध्ये सिंगापूरला 21-19 ने हरवून पहिला विजय मिळवला. कर्णधार होत्या आपल्या पुण्याच्या वाहबिझ भरूचा.

खेळाडूची प्रशिक्षक झालेली बाई तर आपल्या महाराष्ट्रातही आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. त्याची मिरवणूक सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्या स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या नेमबाज. पुढे त्यांना प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. "बाईमाणसाचं कोण ऐकतंय?" या प्रश्नाचं उत्तर कांबळवाडीच्या पोराने देऊन ठेवलं आहे.

पुढच्या बैठकीत एवढं बोला

हा अंक बैठकीत मोठ्याने वाचा, आणि पुढच्या चार प्रश्नांवर प्रत्येकीला बोलू द्या.

एक. आपल्या समूहात अशी कोणती गोष्ट आहे जी एकाच ताईला येते? पुढच्या तीन महिन्यांत ती दुसरी कोण शिकणार? नाव लिहून ठेवा.

दोन. आपल्यातली कोण ताई दुसऱ्या समूहाला शिकवू शकेल? तिला अडवणारी गोष्ट भीती आहे, घरचं काम आहे की प्रवासखर्च? घरचं काम असेल तर त्या दिवशी तिच्या पोरांकडे कोण बघेल, हे समूहाने ठरवायचं. फक्त तिच्या नवऱ्यावर सोडायचं नाही.

तीन. बाहेरचा निधी सहा महिने आला नाही तर आपला समूह चालेल का? वही उघडून आकडा बघा, अंदाजाने सांगू नका.

चार. आपल्या मुली शाळेत कबड्डी, खो-खो खेळतात. सातवी-आठवीनंतर किती जणींचं मैदान सुटतं? का सुटतं? पाळी, कपडे, घरचं काम, की "लोक काय म्हणतील"? हे मोकळेपणाने बोला. आज मैदानावर टिकली ती मुलगी उद्या मैदानावर शिकवायला उभी राहील.

चर्चेत जे ठरेल ते ठराव वहीत नोंदवा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. मी पुढच्या भेटीला येईन तेव्हा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातलं नाव आधी विचारणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

आपली,
क्षेत्र समन्वयक